न झालेल्या सागरी उद्यानाचा परिसर

समुद्रातील जीवसृष्टी मोठमोठ्या टाक्यांत, कृत्रिम तळ्यांत आणि पारदर्शक बोगद्यांत मांडून ती तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांना दाखवणाऱ्या विस्तीर्ण करमणूक केंद्राला सागरी उद्यान असे म्हणतात. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर १९३८ साली सुरू झालेले ‘मरीन स्टुडिओज’ हे या प्रकाराचे एक आद्य उदाहरण होय. पुढे १९६४ साली सॅन डिएगो येथे ‘सी-वर्ल्ड’ आणि १९७७ साली हाँगकाँग येथे ‘ओशन पार्क’ उभे राहिले, आणि १९८५ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे प्रेक्षकांना माशांच्या खालून चालत नेणारा ॲक्रिलिकचा बोगदा तयार झाल्यावर या कल्पनेला आजचे परिचित रूप आले. महाराष्ट्रात या जातीचे सर्वांत जुने नाव म्हणजे मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय. मात्र ते मत्स्यालयच होते, उद्यान नव्हे. खऱ्या अर्थाने सागरी उद्यान म्हणता येईल असा प्रकल्प राज्यात योजला गेला तो सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण या बंदराच्या शहराजवळ, तोंडवळी आणि वायंगणी या दोन गावांच्या हद्दीत, आणि तो ‘सी-वर्ल्ड’ याच नावाने चर्चेत राहिला.

या प्रकल्पासाठी सुरुवातीला १,३०० एकरांहून अधिक जमिनीची मागणी पुढे आली. ज्या माळांवर, काजू-आंब्याच्या बागांत आणि वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या लोक राहत होते, त्यांनी तिला विरोध केला. नंतर क्षेत्र ३५० एकरांपर्यंत कमी करण्याची भाषा झाली, तरीही काम उभे राहिले नाही. त्यामुळे मालवणच्या सागरी उद्यानाभोवतीची प्रेक्षणीय स्थळे हा विषय चमत्कारिक वाटावा अशा रूपात समोर येतो, कारण येथे उद्यान नाही आणि त्याचा परिसर मात्र आहे. हा परिसर बारकाईने पाहिल्यावर असे दिसते की, उद्यानात जे काचेआड दाखवायचे होते त्यातील बहुतेक गोष्टी त्याच्या भोवती, तिकिटाशिवाय आणि आपापल्या जागी, आधीपासून आहेत.

ज्या वाचकांनी समुद्र क्वचितच पाहिला आहे त्यांना हे वर्णन अधिक उपयोगी पडावे. हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील, नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे डोंगरकडा हे गाव घेतले तर तेथील पावसाचे पाणी अखेर गोदावरीच्या खोऱ्यातून बंगालच्या उपसागराला मिळते, आणि तेथला प्रवासी मात्र समुद्र पाहायला निघतो तो उलट्या दिशेला, सह्याद्री ओलांडून अरबी समुद्राकडे. त्याच्या ओळखीचे मोठे पाणी म्हणजे पैनगंगेवरील इसापूरचा किंवा पूर्णेवरील येलदरी आणि सिद्धेश्वरचा जलाशय. वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून महाराष्ट्र-गोवा सीमेवरील पत्रादेवीपर्यंत आखलेल्या शक्तिपीठ महामार्गाच्या प्रस्तावात हिंगोली आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे एकाच रेघेवर आले, आणि त्या रेघेवरच्या अनेक गावांतही जमिनीचाच प्रश्न उभा राहिला, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. आज तरी या प्रवाशाला सोलापूर-कोल्हापूरकडून घाट उतरून यावे लागते, किंवा मुंबईला जाऊन कोकण रेल्वेने कणकवली वा कुडाळ स्थानक गाठावे लागते.

सागरी उद्यानाची कल्पना येथे का अडखळली याला जमिनीखेरीज आणखी एक कारण लक्षात घ्यावे लागते. जगातील अशा उद्यानांचे मुख्य आकर्षण म्हणजे डॉल्फिन आणि ऑर्का यांचे खेळ. हे दोन्ही प्राणी मासे नसून सस्तन वर्गातील आहेत. ते फुप्फुसांनी श्वास घेतात, पिलांना दूध पाजतात, कळपाने राहतात आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतराचा व भक्ष्याचा अंदाज घेतात. टाकीच्या भिंतींत अशा प्राण्याची काय स्थिती होते याविषयी जगभर वाद झाला, आणि २०१६ साली अमेरिकेतील सी-वर्ल्ड कंपनीने ऑर्कांची पैदास थांबवण्याची घोषणा केली. भारतात चेन्नईजवळच्या एका करमणूक केंद्रात १९९८ साली परदेशातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच दगावले होते; त्यानंतर मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने देशात डॉल्फिनगृहे उभारण्यास परवानगी न देण्याचे परिपत्रक काढले. म्हणजे तोंडवळीला उद्यान झाले असते तरी त्यात डॉल्फिनचा खेळ कायद्याने बसला नसता. मालवण, देवबाग आणि निवतीच्या समुद्रात मात्र हिंदी महासागरातील पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन किनाऱ्याजवळच फिरतात, आणि सकाळच्या शांत पाण्यात होडीतून त्यांची पाठ दिसणे ही तेथे फार दुर्मीळ गोष्ट नाही. त्यांच्यामागे इंजिनाच्या होड्या पिटाळणे हा मात्र पर्यटनाचा अत्यंत अडाणी प्रकार होय.

उद्यानासाठी निवडलेली जागा स्वतःच एक पाहण्याजोगी भूरचना आहे. सह्याद्रीतून येणारी गड नदी समुद्राजवळ आल्यावर सरळ त्याला मिळत नाही. ती दक्षिणेकडे वळून बरेच अंतर किनाऱ्याला समांतर वाहते आणि सर्जेकोटाजवळ समुद्राला मिळते. नदी आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूची जी अरुंद, लांबट पट्टी उरली तिच्यावर तोंडवळी आणि तिच्या टोकाला तळाशील ही वस्ती आहे. अशा पट्टीला भूगोलात वाळूचा दांडा म्हणतात. लाटा किनाऱ्यावर तिरक्या आपटतात, परतताना मात्र उताराने सरळ खाली येतात, आणि या नागमोडी चालीमुळे वाळूचे कण किनाऱ्याच्या कडेकडेने पुढे सरकत राहतात. नदीच्या मुखाशी वेग मंदावला की ते साचतात आणि दांडा वाढतो. वाळू येण्याचे प्रमाण घटले किंवा लाटांचा मारा बदलला की तोच दांडा झिजू लागतो, आणि तळाशीलचे रहिवासी पावसाळ्यातील समुद्राच्या धुपीशी झगडत आले आहेत ते यामुळेच. माडांच्या रांगांमधून एका बाजूला खाडीचे संथ पाणी आणि दुसऱ्या बाजूला फुटणाऱ्या लाटा एकाच वेळी दिसतात अशी जागा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर थोडी आहे. अशा सरकत्या भूमीजवळ शेकडो एकरांचे पक्के बांधकाम करण्याचा विचार किती दूरदृष्टीचा होता, हा प्रश्न येथे उभे राहिल्यावर आपोआप पडतो.

याच वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालण्यासाठी येतात. मादी रात्री भरतीरेषेच्या वर येते, मागच्या पायांनी खड्डा खणते, त्यात साधारण शंभर किंवा त्याहून अधिक अंडी घालते आणि वाळू लोटून परत जाते. पिलांशी तिचा पुढे काहीही संबंध राहत नाही. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात. त्यांतील नर किती आणि माद्या किती हे वाळूच्या तापमानावर ठरते, वाळू अधिक तापली की माद्यांचे प्रमाण वाढते. बाहेर पडलेले पिलू क्षितिजावरील सर्वांत उजळ भागाकडे धावते, आणि नैसर्गिक किनाऱ्यावर तो भाग म्हणजे आकाशाखालचा समुद्रच असतो. किनाऱ्यालगत प्रखर दिवे आले की पिले उलट दिशेने, जमिनीकडे जातात. सागरी उद्यान, त्याची हॉटेले आणि त्यांची रोषणाई ही या पाहुण्यांना परवडणारी नव्हती हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही. वायंगणी नावाची दोन गावे या जिल्ह्यात आहेत आणि कासव संवर्धनासाठी जे वायंगणी अधिक प्रसिद्ध आहे ते वेंगुर्ला तालुक्यातील, हे ध्यानात न घेतल्यास प्रवाशाची फसगत होते.

मालवण तालुक्यातील वायंगणी, तसेच शेजारची आचरे आणि चिंदर ही गावे वेगळ्याच कारणासाठी ओळखली जातात, ते कारण म्हणजे गावपळण. ठरावीक वर्षांच्या अंतराने ग्रामदेवतेचा कौल घेऊन सगळे गाव घरांना कड्या लावते, गुरेढोरे, कोंबड्या आणि कुत्र्यांसह वेशीबाहेर पडते आणि तीन दिवस-तीन रात्री माळावर, झापांच्या राहुट्यांत काढते. कौल म्हणजे देवतेला प्रश्न विचारून तिचा होकार वा नकार जाणून घेण्याची रीत. परतण्यासाठीही तो मिळावाच लागतो, आणि न मिळाल्यास मुक्काम वाढतो. या प्रथेमागे भुताखेतांच्या कथा सांगितल्या जातात, साथीच्या रोगात वस्ती मोकळी ठेवण्याच्या जुन्या शहाणपणाचे स्पष्टीकरणही दिले जाते, परंतु लिखित पुराव्याअभावी दोन्ही तर्कच राहतात. विशेष म्हणजे जात आणि श्रीमंती यांचा विचार न करता सारे गाव एकाच माळावर येते. दर काही वर्षांनी स्वखुशीने घर सोडणारे हे लोक प्रकल्पासाठी कायमचे घर सोडण्यास मात्र तयार झाले नाहीत, यात विसंगती काहीच नाही. पहिल्या प्रसंगी परत येण्याची हमी देव देतो. आचऱ्याचे रामेश्वराचे देऊळ या सर्व व्यवहाराचे केंद्र असून तेथील लाकडी खांबांचा सभामंडप कोकणी देवालय-रचनेचा चांगला नमुना आहे. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीतील भराडीदेवीच्या जत्रेलाही पंचांगातील ठरलेली तिथी नाही. तीही दरवर्षी कौलानेच ठरते, आणि तरीही मुंबईतून लाखो चाकरमानी तिला येतात.

मालवण शहराचे मुख्य आकर्षण अर्थातच सिंधुदुर्ग किल्ला. शहराच्या किनाऱ्यासमोरील कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी या किल्ल्याची पायाभरणी केली आणि हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली तीन वर्षांत, १६६७ साली, तो पूर्ण झाला. पायाभरणीपूर्वीची पूजा ज्या खडकावर झाली तो ‘मोरयाचा धोंडा’ आजही मालवणच्या किनाऱ्यावर दाखवला जातो. सुमारे ४८ एकरांच्या या बेटाभोवती जवळपास तीन किलोमीटर लांबीचा तट खडकाच्या कडेप्रमाणे वळत गेला असल्यामुळे त्याला कोठेही सरळ रेषा नाही. लाटेचा जोर सपाट भिंतीवर एकवटतो तसा वळणाच्या भिंतीवर एकवटत नाही, आणि शत्रूच्या तोफेलाही नेमका मारा साधत नाही. पायाच्या दगडांत शिसे ओतल्याचे उल्लेख आहेत. महाद्वार बुरुजांच्या आड असे दडवले आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत ते दिसत नाही. आत राजाराम महाराजांच्या काळातील शिवराजेश्वराचे मंदिर, आणि चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे व पायाचे ठसे आहेत. जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने युनेस्कोने जागतिक वारसा यादीत घेतलेल्या बारा किल्ल्यांत सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग या दोघांचाही समावेश झाला.

कोरडवाहू प्रदेशातून आलेल्या प्रवाशाने तटापेक्षा अधिक वेळ द्यावा तो किल्ल्यातील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींना. चहूबाजूंनी खारे पाणी असताना या विहिरी गोड्या कशा, याचे उत्तर पाण्याच्या घनतेत आहे. समुद्राच्या पाण्यात हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असल्याने ते पावसाच्या पाण्यापेक्षा थोडे जड असते. बेटावर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांत आणि मातीत मुरला की तो खालच्या खाऱ्या पाण्यात लगेच मिसळून न जाता त्याच्यावर तरंगतो आणि मध्ये जाड व कडेला पातळ असा गोड्या पाण्याचा थर तयार होतो. सैद्धांतिक हिशोबाने समुद्रसपाटीच्या वर या पाण्याची एक मीटर उंची टिकली तर तिच्या खाली सुमारे चाळीस मीटर गोडे पाणी राहू शकते. प्रत्यक्षात खडकाच्या रचनेमुळे हे प्रमाण बरेच बदलते. अट एवढीच की उपसा बेताचा हवा, कारण वरचे पाणी ओढून काढले की खालचे खारे पाणी वर चढते. मराठवाड्यात बोअर खोल नेले की पाणी मिळण्याची आशा असते, अशा बेटावर मात्र खोल जाणे हाच घात ठरतो.

सिंधुदुर्गाच्या सोबतीला पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट असे तीन लहान दुर्ग उभारले होते, आणि त्यांपैकी पद्मगडाचा उपयोग जहाजबांधणीसाठी होत असे. राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला महाराजांचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, आणि १६६७ साली पूर्ण झालेल्या तटासमोर घडलेल्या त्या घटनेवर भाष्याची आवश्यकता नाही.

किल्ल्याभोवतीचे पाणी हेच या परिसरातील खरे सागरी उद्यान होय, आणि १३ एप्रिल १९८७ रोजी ते ‘मालवण सागरी अभयारण्य’ म्हणून अधिकृतपणे जाहीरही झाले. त्याचे एकूण क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांच्याभोवतीचा सुमारे ३.१८ चौरस किलोमीटरचा भाग गाभा क्षेत्र, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाचा भाग आहे. मच्छीमारांना आपली पारंपरिक मासेमारी बंद होईल अशी धास्ती वाटल्याने या अभयारण्यालाही विरोध झाला आणि नियम बराच काळ कागदावर राहिले. या पाण्यात प्रवाळ आहेत. प्रवाळ हा दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. तो जेलीफिशच्या गोतावळ्यातील इवल्या प्राण्यांचा समूह असून आपल्याभोवती चुन्याचे कवच बनवतो, आणि त्याच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्याचा बराचसा वाटा त्याला पुरवतात. पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले की प्रवाळ ही शैवले बाहेर टाकतो, त्याचा रंग जातो आणि पांढरे कवच दिसू लागते. याला प्रवाळांचे विरंजन म्हणतात, आणि मालवणच्या प्रवाळांतही ते आढळून आले आहे. येथील प्रवाळ लक्षद्वीपसारखी अखंड भित्ती बांधत नाहीत. नद्यांचा गाळ आणि पावसाळ्यातील गढूळ, कमी खारे पाणी सोसत ते खडकांवर तुकड्या-तुकड्यांनी वाढतात, म्हणून जाहिरातीतील निळेशार पाणी डोक्यात धरून आलेल्या पर्यटकाची निराशा होते, तर एवढ्या प्रतिकूल पाण्यात प्रवाळ जगतातच कसे हे ज्याला ठाऊक आहे त्याला तेच दृश्य मोलाचे वाटते.

हे पाहण्याचे दोन मार्ग आहेत. तोंडात नळी धरून पाण्याच्या पृष्ठभागावरून खाली पाहत पोहणे याला स्नॉर्केलिंग म्हणतात आणि पाठीवर हवेची टाकी घेऊन तळापर्यंत उतरणे याला स्कूबा डायव्हिंग. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था असून तेथे रीतसर शिक्षण मिळते. किनाऱ्यावर झटपट डुबकीचा धंदाही जोरात आहे; त्यात प्रवाळांवर पाय देणे, होडीचा नांगर त्यांच्यावर टाकणे आणि मासे जमावेत म्हणून पाण्यात खाद्य फेकणे हे प्रकार घडतात, आणि वर्षाला अगदी थोडीच वाढणारी वसाहत एका टाचेखाली मोडते.

तारकर्लीच्या दक्षिणेला देवबाग हे गाव तोंडवळीसारख्याच वाळूच्या दांड्यावर, कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये वसले आहे. तेथील संगमाजवळच्या वाळूच्या उंचवट्याला पर्यटकांनी ‘त्सुनामी आयलंड’ असे नाव दिले असून तो २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत निर्माण झाला असे सांगितले जाते. नदीमुखाशी वाळूचे असे बांध भरती-ओहोटीच्या प्रवाहांनी नेहमीच उभे राहतात आणि विरतात, म्हणून त्यासाठी त्सुनामीची गरज भासत नाही. यापेक्षा अस्सल दृश्य म्हणजे रापण. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार जाळे टाकून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेक माणसांनी मिळून ओढण्याची ही पद्धत असून, मिळालेली बांगडा, तारली, पेडवे अशी मासळी ठरलेल्या वाट्यांनी विभागली जाते. यांत्रिक पर्ससीन नौकांनी मासळीचे थवेच्या थवे समुद्रातच घेरल्याने रापणकरांच्या वाट्याला येणारी मासळी घटली आणि त्यावरून या किनाऱ्यावर तीव्र संघर्ष झाले.

समुद्राकडे पाठ फिरवून थोडे आत गेल्यास जांभ्या दगडाचे सपाट माळ लागतात. त्यांना येथे सडे म्हणतात. उष्ण व अतिपावसाच्या हवामानात मूळ खडकातील इतर घटक धुपून जाऊन लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे उरतात, त्यांपासून हा तांबडा, सच्छिद्र दगड बनतो. मालवण तालुक्यातील कुडोपी येथील सड्यावर मानवाकृती, प्राणी आणि अर्थ न उलगडलेल्या भौमितिक आकृती खोदलेल्या आहेत. अशा आकृतींना कातळशिल्पे म्हणतात, आणि २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेलेल्या कोकणातील कातळशिल्पांच्या नऊ स्थळांमध्ये कुडोपीचा समावेश आहे. त्यांचा काळ निश्चित सांगणे अवघड असले तरी ती प्रागैतिहासिक असावीत यावर अभ्यासकांचा भर आहे. याच तालुक्यातील धामापूरचा तलाव १५३० साली विजयनगरच्या अंमलाखालील नागेश देसाई यांनी मातीचा बांध घालून बांधला; आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने २०२० साली त्याची जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून नोंद केली. ज्या प्रदेशात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तेथेही उन्हाळ्यासाठी पाणी अडवावे लागते हे मराठवाड्यातील वाचकाला नवलाचे वाटेल, पण उतारावरून काही तासांत समुद्राला जाऊन मिळणारे पाणी किती पडले यापेक्षा किती थांबले हेच महत्त्वाचे असते.

उत्तरेकडे कुणकेश्वराचे समुद्राला चिकटून असलेले देऊळ आणि देवगडच्या हापूसच्या बागा ओलांडून विजयदुर्ग गाठता येतो. वाघोटन खाडीच्या मुखावरील हा किल्ला मुळात शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातील; शिवाजी महाराजांनी तो घेतल्यावर त्याचा विस्तार झाला, पुढे तो आंग्र्यांचे मुख्य ठाणे बनला, आणि १७५६ साली इंग्रजांच्या आरमाराने येथे तुळाजी आंग्रे यांचे आरमार जाळले, तेही पेशव्यांशी संगनमत करून, ही मराठी इतिहासातील मोठी दुखरी गोष्ट आहे. किल्ल्याजवळच्या समुद्रात बुडालेली सुमारे १२२ मीटर लांबीची दगडी भिंत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शोधकांनी पाहिली असून शत्रूची जहाजे तिच्यावर आपटून फुटत अशी परंपरा सांगते.

विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ म्हणून जे चौथरे दाखवले जातात त्यांच्याविषयी मात्र थोडे तपशिलाने लिहिले पाहिजे, कारण १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने येथूनच हेलियम वायूचा शोध लावला असे सर्रास सांगितले जाते आणि १८ ऑगस्टला येथे हेलियम दिनही साजरा होतो. त्या ग्रहणाच्या वेळी लॉकयर भारतात नव्हता. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने ते आंध्रातील गुंटूर येथून पाहिले. लॉकयरने त्याच वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून सूर्याच्या कडेचा वर्णपट तपासला आणि त्यातील पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना म्हणून ती नव्या मूलद्रव्याची मानली. वर्णपट म्हणजे प्रकाश त्याच्या रंगांत फाकवला असता दिसणारा पट्टा. प्रत्येक मूलद्रव्य त्यात आपल्या ठरावीक जागी रेषा उमटवते. ग्रीक भाषेतील सूर्याच्या नावावरून या द्रव्याला हेलियम म्हटले गेले, आणि पृथ्वीवर ते रॅम्से या शास्त्रज्ञाला १८९५ साली सापडले. लॉकयर विजयदुर्गाला आला तो त्यानंतर, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशांच्या मदतीने मोठी निरीक्षणमोहीम घेऊन. चौथऱ्यांचा संबंध जोडायचाच झाला तर या मोहिमेशी जोडणे अधिक सयुक्तिक ठरते. त्या दिवशी चंद्राची सावली विजयदुर्गाच्या किनाऱ्यावर उतरून करमाळ्याजवळच्या जेऊरवरून, मराठवाडा ओलांडत विदर्भातील पुलगावकडे गेली. जेऊरला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगामवाला यांनी निरीक्षणे घेतली. खरा इतिहास दंतकथेपेक्षा कमी रोमांचक नाही, तरी माहितीफलकांवर दंतकथाच अधिक काळ टिकते.

विजयदुर्गापासून पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, पाण्याखाली बुडालेले आंग्रिया बँक नावाचे पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव लाभलेले हे पठार साधारण ४० किलोमीटर लांब असून त्याचा माथा पृष्ठभागापासून वीसेक मीटर खोल आहे आणि त्यावर समृद्ध प्रवाळ आहेत. तेथे सामान्य पर्यटक जाऊ शकत नाही, आणि हे त्या प्रवाळांचे सुदैव. दक्षिणेला वेंगुर्ल्यासमोरील खडकाळ बेटांच्या गुहांत पाकोळ्यांची एक जात आपल्या लाळेची घरटी बांधते. परदेशात सूपासाठी या घरट्यांना मोठी किंमत येत असल्याने त्यांची तस्करी होत असे. निवतीजवळच्या समुद्रात नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही नौका बुडवून पाण्याखालील संग्रहालय करण्याची योजना राज्याने आखली, म्हणजे सागरी उद्यानाची कल्पना काचेतून बाहेर पडून आता तळाकडे निघाली आहे असे दिसते.

या सर्व ठिकाणांसाठी ऑक्टोबर ते मार्च हा काळ सोयीचा आहे, कारण साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. महिना निवडण्याइतकेच तिथी निवडणे महत्त्वाचे, आणि पंचांग हाताशी असलेल्या कुटुंबाला ते कठीण नाही. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येऊन भरती अधिक चढते व ओहोटी अधिक उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात येऊन पाण्याची चढउतार कमी होते, त्याला भांग म्हणतात. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद असल्याने तळाचा गाळ कमी ढवळला जातो आणि पाण्याखालचे प्रवाळ त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतात, म्हणून स्नॉर्केलिंगसाठी अष्टमी-नवमी धरावी. उधाणाच्या दिवसांतील ओहोटीला खडक उघडे पडतात, आणि मालवणमधील दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगडापर्यंत चालत जाता येते; पाणी परतू लागण्याची वेळ मात्र तेथील मच्छीमारांना आधी विचारून घ्यावी.